सकाळचं पहिलं पाणी

युगांडात मसाकाकडच्या एका गावातून तक्रार आली, बोअर असूनही बायका पपायरसच्या दलदलीतलं पाणी भरतात. आमच्या यादीत त्या हापशापुढे 'कार्यरत' लिहिलेलं होतं. दोन वर्षांपूर्वी मीच लिहिलं होतं.

इथले लोक ज्याला यू-टू म्हणतात तो आपलाच इंडिया मार्क टू, सोलापुरी पंपावरून १९७० च्या दशकात घडलेला. मी सोलापूरचा. परमुलखात तो दिसला की गाववाला भेटल्यासारखं वाटतं.

या वेळी सकाळी सहालाच पोचलो. हापसायला लागलो, तर पहिलं पाणी विटकरी लाल. शेजारच्या जाजानं, म्हणजे आजीनं, त्याचा चहा करून दाखवला. शाईसारखा काळा झाला. वीस लिटरचे पाच पिवळे कॅन भरल्यावर पाणी निवळलं, आणि मला कळायचं ते कळलं. लोह जमिनीतलं असतं तर दिवसभर तसंच आलं असतं. हे रात्रभर पाइपात साचून त्याचा गंज घेतलेलं पाणी होतं.

मार्क टूचा सिलिंडर, म्हणजे खाली पाण्यात बुडालेला पाणी उचलणारा भाग, बघायचा तर अख्खी लाइन उपसावी लागते. तीन-तीन मीटरचे बारा पाइप. क्लॅम्प आवळायचा, पाना लावून आटे सोडायचे, पुढचा पाइप वर ओढायचा, पुन्हा क्लॅम्प. जरा हात सुटला की सगळं बोअरमध्ये. आठव्या पाइपाचे आटे पाना लावताच भुगा होऊन गळाले. जस्ताचा मागमूस नव्हता. पाण्याचा पीएच ५.८ निघाला.

आपल्या काळ्या पाषाणातलं पाणी अल्कधर्मी, त्यात जीआय, म्हणजे जस्ताचा थर दिलेला लोखंडी पाइप वर्षानुवर्षं टिकतो. इथल्या जुन्या खडकातलं पाणी आम्लधर्मी. पीएच ६.५ च्या खाली गेला की जीआय वापरू नये, हे या धंद्यात १९८० च्या दशकापासून माहीत आहे. तरी आमच्या निविदेत जीआयच! स्टेनलेस स्टील महाग पडतं, आणि वर हिशेब द्यायचा असतो तो बोअर किती मारले याचा. पाणी कोण पितंय हे कुणी विचारत नाही. याची मला मनापासून चीड आहे.

पाइप रचून ठेवत होतो तेव्हा जाजा म्हणाली, "सेबो (साहेब), मागच्या वेळी तुम्ही दुपारी आला होतात. तेव्हाच म्हटलं होतं, सकाळी या."

म्हटलं होतं. मला आठवतंय. पण दुपारपर्यंत कॅनवर कॅन उपसून पाणी नितळ झालेलं होतं, मी ग्लासभर प्यायलोही. आणि फॉर्मवर तिच्या बोलण्याला रकाना नव्हता.

स्टीलचे पाइप अजून मंजूर व्हायचेत. जाजा रोज कॅन घेऊन दलदलीकडे उतरते.