लाल मातीचं बंदर: डुलुथ

मिनियापोलिसहून गाडीने अडीचेक तासांत आपण अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातल्या डुलुथला पोचतो. शेवटचा उतार सुरू झाला की समोर एकदम लेक सुपीरियर हे गोड्या पाण्याचं प्रचंड तळं येतं, पलीकडचा काठ दिसत नाही, लाटा चक्क फुटत असतात, आणि नवरा काच खाली करून म्हणाला, "समुद्रच की गं हा, फक्त खारा वास नाही." अटलांटिकपासून हे शहर जलमार्गाने सुमारे ३,७०० किलोमीटर आत, अमेरिकेच्या पार पोटात आहे. तरी इथे समुद्रावरून जहाजं येतात. १९५९ साली सेंट लॉरेन्स सीवे, म्हणजे समुद्रातून या तळ्यांपर्यंत येणारा जलमार्ग, उघडला तेव्हापासून परदेशी जहाजंसुद्धा थेट इथपर्यंत येऊन धान्य भरून नेतात.

मी वेंगुर्ल्याकडची, त्यामुळे रेडीचं खनिज, ट्रकांची लाल धूळ आणि लांब उभी असलेली जहाजं हे सगळं लहानपणापासून बघितलेलं. पण खनिजाचं जहाज बघायला लोक घडीच्या खुर्च्या, थर्मास आणि नातवंडं घेऊन येतात हे मी पहिल्यांदाच पाहिलं. बंदराच्या कालव्याकाठच्या कॅनल पार्कला हा रोजचा कार्यक्रम असतो. हजार फुटी जहाज कालव्यातून आत येताना इतकं जवळून जातं की डेकवरच्या माणसाचा चेहरा दिसतो, एरियल लिफ्ट ब्रिजचा अख्खा मधला भाग सरळ वर उचलला जातो, जहाज भोंगा देतं, पूल भोंग्यानेच उत्तर देतो आणि पब्लिक टाळ्या वाजवतं. मीही वाजवल्या.

हा पूल १९०५ साली बांधला तेव्हा उचलायचा नव्हताच. वरच्या सांगाड्याला एक मोठा पाळणा टांगलेला होता, माणसं-घोडे-गाड्या त्यात बसून पलीकडे जायची. १९२९-३० मध्ये तो बदलून आताचा केला. आणि खालचा कालवा तर निसर्गाने दिलेलाच नाही. बंदराचं मूळचं तोंड पलीकडच्या विस्कॉन्सिनमधल्या सुपीरियर गावाकडे, म्हणून डुलुथवाल्यांनी १८७०-७१ मध्ये वाळूची पट्टी फोडून स्वतःचं तोंड काढलं. कोर्टाचा मनाई हुकूम यायच्या आत अख्ख्या गावाने फावडी घेऊन रातोरात खणलं अशी कथा सांगतात. खरं तर खणलं वाफेच्या ड्रेजरने, पण फावड्यांची गोष्ट जास्त छान आहे म्हणून तीच चालते.

इतकी घाई का, तर जे कुक. फिलाडेल्फियाचा हा बँकर, यादवी युद्धात सरकारचे बाँड विकून मोठा झालेला, त्याने डुलुथपर्यंत रेल्वे आणली आणि मूठभर घरांचं गाव बघता बघता शहर झालं. सप्टेंबर १८७३ मध्ये त्याची बँक बुडाली, देशभर मंदी आली आणि डुलुथचे इतके हाल झाले की पुढे शहराचा दर्जाच गेला, कागदोपत्री परत खेडं! तो दर्जा १८८७ मध्ये परत मिळाला.

मग आलं लोखंड. मेरिट नावाचे इथलेच भाऊ, जंगलात लाकडाची पाहणी करत हिंडणारे, त्यांना १८९० मध्ये डुलुथच्या उत्तरेकडच्या मेसाबी डोंगररांगेत लोखंडाचं खनिज सापडलं. जाणकार हसले, कारण ते दगडासारखं कडक नव्हतं, मातीसारखं भुसभुशीत होतं. पण तेच तर सोनं होतं ना, बोगदे नकोत, वाफेच्या फावड्याने वरूनच उचला आणि डब्यात टाका. मेरिटांनी स्वतःची रेल्वे टाकली, १८९२ मध्ये पहिला माल निघाला, आणि लगेच १८९३ ची मंदी. पैसे अडकले, तेलसम्राट रॉकफेलरकडून कर्ज घेतलं, आणि वर्षभरात खाणी आणि रेल्वे दोन्ही त्याच्या ताब्यात. भाऊ कोर्टात गेले, शेवटी तडजोडीचे सव्वापाच लाख डॉलर घेऊन गप्प बसले. १९०१ मध्ये हे सगळं यू. एस. स्टील या बलाढ्य पोलाद कंपनीच्या पोटात गेलं. म्हणजे माती इथली, डोकं इथलं, घाम इथला, आणि निर्णय कायम फिलाडेल्फिया नाहीतर न्यूयॉर्कला! मला तरी डुलुथचा सगळा इतिहास हाच वाटला.

'विल्यम ए. इर्विन' हे यू. एस. स्टीलचं १९३८ चं खनिजवाहू जहाज आता म्युझियम आहे, आत नक्की जा. खाली इंजिनाची खोली, आणि वर कंपनीच्या पाहुण्यांसाठी लाकडी पॅनेलिंगच्या खोल्या, त्याच जहाजावर! पश्चिमेला मॉर्गन पार्क आहे, यू. एस. स्टीलने कामगारांसाठी वसवलेली सिमेंटच्या ठोकळ्यांच्या घरांची वसाहत. तिथला पोलादाचा कारखाना १९१५ मध्ये सुरू झाला आणि १९७० च्या दशकात बंद पडला. घरं अजून आहेत, अंगणात ट्रॅम्पोलिनं वगैरे. खनिजाचंही तसंच, चांगलं लाल खनिज दुसऱ्या महायुद्धानंतर सरत आलं, आता टॅकोनाइट नावाचा कठीण दगड दळून त्यातलं लोखंड चुंबकाने वेगळं करतात आणि हरभऱ्याएवढ्या गोळ्या करून पाठवतात. रुळांच्या कडेला त्या सांडलेल्या असतात.

ब्रोशरमध्ये पुढे नसलेली एक जागा, फर्स्ट स्ट्रीट आणि सेकंड अव्हेन्यू ईस्टचा कोपरा. १५ जून १९२० ला सर्कशीत काम करणाऱ्या तीन काळ्या तरुणांना, एलायस क्लेटन, एल्मर जॅक्सन आणि आयझॅक मॅकगी, बलात्काराच्या खोट्या आरोपावरून हजारोंच्या जमावाने पोलीस ठाण्यातून ओढून काढून फाशी दिली. त्याचा फोटो पोस्टकार्ड म्हणून विकला गेला. खुनासाठी कुणालाही शिक्षा नाही. स्मारक व्हायला २००३ उजाडलं. बंदराचा इतिहास वाचताना हे कुणी जोडून सांगत नाही, मला ते वेगळं ठेवता येईना.

जाणार असाल तर जहाजांचं वेळापत्रक ऑनलाइन बघूनच निघा. मिशिगनमधले सू लॉक्स, म्हणजे जहाजांना या तळ्यातून खालच्या तळ्यांत नेणारे पाण्याचे दरवाजे, साधारण जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या शेवटापर्यंत बंद असतात, तेव्हा ही वाहतूक थांबते. आणि जुलै असला तरी जॅकेट घ्या, तळ्यावरचा वारा सुटला की शॉर्ट्सवाले सगळे पळत कॉफीच्या दुकानात घुसतात, आम्हीही घुसलो.