ब्रेव्हसाहेबाचं रीळ

चार नंबरच्या ट्रॅममध्ये मांडीवर टॉवेलाचं गाठोडं घेऊन बसलो होतो. समोरच्या आजीबाई दोनदा गाठोड्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघून खिडकीकडे वळल्या. आत भाऊकाकांचं मासे गरवायचं रीळ होतं, आणि ते बंद पडलं होतं.

ऑफिसच्या कामासाठी तीन आठवडे तोरिनोत होतो. आपण ट्युरिन म्हणतो तेच हे. निघायच्या आधी मालवणला गेलो, तेव्हा बाबूनं, म्हणजे चुलतभावानं, रीळ हातात ठेवलं. "इटलीचाच हा तर थयच इचार, कोणी बनवल्यान ता."

भाऊकाका बॅलार्ड पिअरवर नोकरीला होते. 1953 पासून लॉइड त्रिएस्तिनो कंपनीच्या 'आसिया' आणि 'व्हिक्टोरिया' या बोटी इटलीहून मुंबईला येऊ लागल्या. अशाच कुठल्याशा बोटीवरच्या खलाशानं आंब्याच्या पेटीच्या बदल्यात काकांना हे रीळ दिलं, असं घरात सांगतात. सांगणारा बदलला की पेटीतले डझन बदलतात.

रिळावर नावाचा पत्ता नाही. रंग खाऱ्या हवेनं कधीच खाल्ला. फक्त काठीला बांधायच्या पायावर 'मेड इन इटली', आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात 'ब्रेव्ह.' दर दसऱ्याला हत्यारांबरोबर त्याचीही पूजा होते, त्यामुळे अक्षरांत कुंकू घट्ट बसलंय. काकांनी या 'ब्रेव्ह'ला कंपनीचा मालक ठरवून टाकलं होतं. तांबोशी लागली की आरोळी यायची, "ब्रेव्हसायबाचा काम बघ!" खरं तर हे रीळ काठीच्या खाली टांगायचं असतं. काकांनी ते जन्मभर काठीच्या वर बसवलं, दांडी उलटी फिरवली आणि तरी मासे काढले.

ब्रेव्हसाहेबाचा निकाल पहिल्याच दिवशी लागला. हॉटेलच्या काउंटरवरच्या मुलीनं कुंकवातली अक्षरं वाचली आणि सांगितलं, हे 'ब्रेव्हेत्तातो'. म्हणजे पेटंट घेतलेलं. साठेक वर्षं आम्ही ज्याला साहेब म्हणत होतो, तो एक सरकारी शिक्का निघाला. 'मेड इन इटली' हे इंग्रजीत, म्हणजे माल परदेशी पाठवण्यासाठी केलेला. एवढ्यानं देश कळतो, घर नाही. तिनंच बालोनला जायला सुचवलं.

पोर्ता पालात्सोच्या प्रचंड भाजीबाजाराच्या मागे, बोर्गो दोरा भागात, दर शनिवारी हा जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. आपल्या चोरबाजाराची थंड हवेतली बहीण. दारांच्या कड्या, कुणाच्या तरी लग्नाचे फोटो, एकेकटे बूट, पितळी इस्त्र्या. नोव्हेंबरची सकाळ, सहा अंश तापमान, आणि मी बोटं चोळत प्रत्येक टेबलावर 'मुलिनेल्लो' शोधत होतो. रिळाला इटालियनमध्ये हाच शब्द, अर्थ छोटी गिरणी. तारेची जी कमान दोरा उचलून गुंडाळते तिला म्हणतात 'आर्केत्तो', म्हणजेच कमान. हा शब्द मला फुकटात मिळाला.

एका गल्लीच्या टोकाला नळ, चाव्या आणि गळ विकणारे एक म्हातारे गृहस्थ सापडले. त्यांनी रीळ घेतलं, दांडी फिरवून बघितली. हलेना. मालवणात भिंगरीसारखं फिरणारं यंत्र इथे आल्यापासून असंच दगड झालं होतं. विमानात आपटलं असणार असं मी धरून चाललो होतो. त्यांनी बाजूच्या झाकणाचे स्क्रू काढले. आतल्या दातांमध्ये साजूक तुपासारखं पांढरं काहीतरी थिजलेलं. त्यांनी बोटावर घेतलं, नाकाशी नेलं आणि भुवया वर गेल्या. "कोक्को?"

बाबूला फोन लावला. "खोबरेलच लावतंय रे, दुसरा काय लावतलंय?"

खोबरेल चोवीस अंशांखाली गोठतं. मालवणच्या रिळाला हे कळायचं काही कारण नव्हतं.

झाकण उघडंच होतं म्हणून त्यांनी मला आतली करामत दाखवली. दोरा गुंडाळायची फिरकी स्वतः गोल फिरत नाही, कमान तिच्याभोवती फिरते, आणि दोरा एकाच जागी साचू नये म्हणून फिरकी सावकाश पुढेमागे सरकते. गळ फेकताना दोरा फिरकीच्या टोकावरून सुटतो. इचलकरंजीतल्या कुणालाही हे नवं वाटणार नाही. धोट्यातल्या कांडीवरून सूत असंच उलगडतं. उगमही गिरण्यांच्या गावातलाच. 1905 साली या तऱ्हेच्या रिळाचं पेटंट घेणारा इलिंगवर्थ हा इंग्लंडच्या ब्रॅडफर्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या गावचा.

मग कारागिराचा शोध. या बाबतीत नावावर विसंबायचं नाही, हे त्या दिवशी शिकलो. इटलीत घडलेली रिळं अमेरिकेत ऑर्विसच्या नावानं विकली जात. ऑर्विस ही 1856 पासूनची व्हर्माँटची दुकानदार कंपनी. काही रिळांवर न्यूयॉर्कच्या काँटिनेंटल आर्म्सचं नाव येई, तेही आयात करणारे. म्हणजे नाव असलं तरी ते विकणाऱ्याचं असू शकतं, आणि आमच्या रिळावर तर तेही नाही.

आजोबांनी नाव शोधलंच नाही. टेबलाखालून बिस्किटांचा डबा काढला, त्यात सुट्या फिरक्या. पहिली आसावर डगमगली. दुसरी अर्ध्यात अडली. तिसरी सरळ खाली गेली आणि टक् करून बसली. त्यांनी ती काढली, काकांची बसवली, परत काढली. दोन्ही पालथ्या घालून शेजारी ठेवल्या: खाचा तशाच, कडेचा उतार तसाच.

"अल्चेदो. मिक्रोन." मग बोट जमिनीकडे करून म्हणाले, "क्वी." इथलंच. तोरिनोचं.

मिक्रोन म्हणजे बारीक दोऱ्यावर छोटे ट्राउट धरायचं नाजूक रीळ. याच्यावर खाडीतली तांबोशी ओढायचे, तेही उलटं धरून, हे मी फोनवर लिहून, भाषांतर करून त्यांना दाखवलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. अल्चेदो या कंपनीच्या नावाचा अर्थ मात्र मला कुणी सांगायला नको होता. पक्ष्यांच्या पुस्तकात आपल्या छोट्या खंड्याचं शास्त्रीय नाव 'अल्सेडो' नेच सुरू होतं. काका गरवायला बसत त्या जेटीच्या खांबावर हा गडी रोज असायचा.

पंधरा युरोला ती जादा फिरकी घेतली. घासाघीस जमली नाही, भाषा कमी पडली. आजोबांनी पेट्रोलचा बुधला पुढे केला: धुऊन ग्रीस भरून देतो, पैसे नकोत. मी नको म्हणून मान हलवली. त्यांना ते अजिबात पटलं नाही. झाकण लावून देताना पुटपुटत होते.

परतीच्या ट्रॅममध्ये टॉवेल पिशवीत टाकला आणि रीळ जाकिटाच्या आतल्या खिशात, बनियनला लागून ठेवलं. बर्फाचा गोळाच. चार स्टॉप गेले, पाच गेले. उतरायच्या वेळी खिशात हात घालून दांडी दाबली, तर अर्धा वळसा फिरली.