तुम्ही विचारलंत म्हणून: तारांगण चालतं कशावर?

शाळाशाळांत नेतो त्या आमच्या फिरत्या तारांगणाचा घुमट उतरवताना हा प्रश्न हमखास येतो. पंखा बंद केला की पाच मीटर व्यासाचं ते काळं कापड हळूहळू खाली बसतं. मग चार-पाच मुलं त्यावर लोळून उरलेली हवा काढून देतात, हे काम त्यांना फार आवडतं. तेवढ्यात मुख्याध्यापक चहा घेऊन येतात आणि विचारतात, "सर, हे सगळं चालतं कशावर? सरकार देतं का?" गाडी भरायची घाई असते, त्यामुळे उभ्या उभ्या दिलेलं उत्तर नेहमी अर्धंच राहतं. पूर्ण उत्तर इथे लिहितो.

सरकार देत नाही. आमची संस्था छोटी आहे, धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला न्यास. हवेने फुगणारा एक घुमट, एक प्रोजेक्टर, त्याच्यासमोर एक फुगीर आरसा आणि एक लॅपटॉप. आरशावर पडलेलं चित्र घुमटभर पसरतं. आकाश दाखवणारं स्टेलेरियम हे सॉफ्टवेअर मोफत मिळतं. एका खेळाला तीस मुलं मावतात, दिवसाला पाच खेळ होतात. मुलामागे २० रुपये घेतो, म्हणजे दिवसाचे ३,००० रुपये. गाडीचं डिझेल, दोन निवेदकांचं मानधन आणि प्रोजेक्टरच्या दिव्यासाठी बाजूला काढायची रक्कम, एवढं धरलं तरी ते पुरत नाहीत. कधीच पुरलेले नाहीत.

मग तिकीट वाढवा, असं काहीजण सुचवतात. एकाच घरातली तीन मुलं जिल्हा परिषदेच्या एकाच शाळेत असतात, त्या घराला आम्ही काय सांगायचं? उलट दुसरे म्हणतात, फुकटच दाखवा. तेही करून पाहिलं. फुकट असलं की शाळा वेळापत्रक आखत नाही. सगळी शाळा एकदम रांगेत येते, दहा मिनिटांत आटपा म्हणते, आणि मुलांचे डोळे अंधाराला सरावायच्या आत खेळ संपलेला असतो. २० रुपये भरले की शिक्षक तुकड्या पाडतात, वेळ पाळतात, स्वतःही आत बसतात. आमच्यासाठी तिकिटाचा खरा उपयोग एवढाच आहे.

म्हणजे तारांगण तिकिटावर चालत नाही. आणि हे फक्त आमच्यासारख्या छोट्यांचं नाही.

आज आपण ज्याला तारांगण म्हणतो, म्हणजे घुमटावर प्रक्षेपकाने उमटवलेलं आकाश, ते पहिल्यांदा दिसलं १९२३ साली जर्मनीत. यंत्र झाइस कंपनीचं होतं. ते पाहून भारावलेल्या मॅक्स ॲडलर या शिकागोच्या व्यावसायिकाने ५ लाख डॉलर दिले आणि १२ मे १९३० रोजी मिशिगन सरोवराच्या काठावर ॲडलर तारांगण उघडलं. अमेरिकेतलं ते पहिलं. यंत्र आणि इमारत दात्याच्या पैशातून झाली, पण रोजचं चालवायला दाता पुरत नाही. ॲडलर आजही ना-नफा संस्था आहे. तिकीट, सभासद वर्गणी, देणग्या, अनुदानं या सगळ्यांबरोबर तिला शिकागो पार्क डिस्ट्रिक्टच्या, म्हणजे शहराची उद्यानं सांभाळणाऱ्या संस्थेच्या, करातून वाटा मिळतो, कारण ती उद्यानाच्या जमिनीवर उभी आहे. आणि अशा संग्रहालयांनी वर्षातले किमान ५२ दिवस राज्यातल्या रहिवाशांना मोफत प्रवेश द्यावा, असं इलिनॉय या तिथल्या राज्याचा कायदा सांगतो. मला हा व्यवहार फार आवडतो. गावाने कर द्यायचा, तारांगणाने दारं उघडायची. कोणी कोणावर उपकार करत नाही. ॲडलरची माणसं दुर्बिणी घेऊन वस्त्यांमध्येही जातात. जे तिकिटाच्या खिडकीपर्यंत येणार नाहीत, त्यांच्या पदपथावर चंद्र नेतात.

आपल्याकडे याची सुरुवात पुण्यातल्या एका शाळेने केली, हे पुण्याबाहेर कमी जणांना ठाऊक आहे. टिळक रस्त्यावरच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये १९५४ साली कुसुमबाई मोतीचंद तारांगण सुरू झालं. भारतातलं ते पहिलं तारांगण. यंत्र स्पिट्झचं. झाइसचं यंत्र शाळांच्या आवाक्याबाहेर होतं, म्हणून अमेरिकेतल्या आर्मंड स्पिट्झ यांनी बारा बाजूंच्या पोकळ ठोकळ्याला भोकं पाडली, आत दिवा ठेवला आणि स्वस्तातलं आकाश बनवलं. शाळेला परवडेल असं तारांगण, ही कल्पना मला कुठल्याही भव्य घुमटापेक्षा मोठी वाटते. आमचा फुगणारा घुमट त्याच वाटेवरचा आहे. मुंबईचं नेहरू तारांगण १९७७ सालचं. मी स्वतः आकाशाकडे वळलो ते तिथे सहलीला गेल्यावर. पण त्या दिवशी मला यंत्र आठवलं नाही, आजही आठवत नाही. आठवतो तो अंधारात बोलणारा आवाज.

पैशाची अडचण नेमकी तिथेच आहे.

यंत्राला पैसे मिळतात. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्चणं बंधनकारक केलं आणि शिक्षण त्या यादीत आहे. एप्रिल २०२१ पासून असा निधी घेणाऱ्या संस्थेला वेगळी नोंदणीही करावी लागते, ती आम्ही केली. एका कंपनीने आम्हाला उत्तम प्रोजेक्टर दिला. त्यावर नावाची पट्टी आहे, उद्घाटनाचे फोटो आहेत. मी त्यांचा मनापासून ऋणी आहे. पुढच्या वर्षी आम्ही दोन निवेदकांचं मानधन मागितलं. उत्तर आलं की पगारासाठी देता येणार नाही, हवं तर अजून एक प्रोजेक्टर देऊ. दोन प्रोजेक्टर आणि बोलायला कोणी नाही, अशा तारांगणाचं काय करायचं?

निवेदकावर मी इतका का अडून बसतो, ते आत आलात तर कळेल. तयार चित्रफीत लावून देणं सोपं आहे आणि बऱ्याच ठिकाणी तेच चालतं. कृष्णविवरं, धूमकेतू, दणदणीत संगीत. मुलं टाळ्या वाजवतात, बाहेर पडतात आणि त्या रात्री वर बघत नाहीत. आम्ही आज संध्याकाळी त्यांच्या गावातून दिसणारंच आकाश दाखवतो. आमची निवेदक आधी विचारते, "तुमच्या आजीला कुठले तारे माहीत आहेत?" एखादी मुलगी अंधारातून म्हणते, "तिकांडं." मग मृग नक्षत्रातले ते ओळीतले तीन तारे घुमटावर उजळतात, त्यांच्या रेषेत खाली आलं की व्याध, वर गेलं की रोहिणी आणि पुढे कृत्तिका. कुणी आजीबाईच्या बाजल्याचं नाव घेतलं की सप्तर्षी. ध्रुव शोधायला ती मुलांना हात लांब करून मुठी रचायला लावते. हात ताठ धरला की एक मूठ साधारण दहा अंश. आपल्याकडे ध्रुव क्षितिजापासून जेमतेम दोन मुठी वर. आपलं गाव विषुववृत्तापासून किती उत्तरेला, ते मुलाने स्वतःच्या मुठीने मोजलेलं असतं. हे काम प्रोजेक्टर करत नाही.

आणि त्याच रात्री शाळेच्या मैदानावर दुसरा खेळ होतो, त्याला तिकीट नाही. दिवे बंद करायची विनंती सरपंचांना आधीच केलेली असते. टॉर्चला लाल कागद लावतो, कारण पांढऱ्या उजेडाने वीस-पंचवीस मिनिटांत सरावलेले डोळे क्षणात बिघडतात. सकाळी घुमटात बसलेली मुलं आईवडिलांना, आजीला हाताला धरून आणतात आणि आम्ही बोलायच्या आधी तीच बोलायला लागतात. दुर्बिणीतून शनीची कडी पाहिल्यावर नळीच्या पुढे हात घालून चित्र चिकटवलंय का ते बघणारे आजोबा मी किती गावांत पाहिलेत.

आम्हाला पैसे या मैदानावर मिळायला लागले, मागण्याच्या पत्रांनी नव्हे. एका गृहस्थांनी विचारलं, वडिलांच्या वर्षश्राद्धाला जेवणावळ घालण्याऐवजी अशी एक रात्र देता येईल का? आम्ही एका रात्रीचा पूर्ण खर्च मांडून दाखवला, मानधनासकट, काही न लपवता. त्यांनी तो दिला. तेव्हापासून आम्ही यंत्रासाठी मागत नाही, रात्रीसाठी मागतो. कुणी मुलीच्या वाढदिवसाला देतं, एका गणेश मंडळाने उरलेल्या वर्गणीतून दिली, परदेशात राहणारे आपल्या जुन्या शाळेचं नाव सांगून देतात. करसवलतीसाठी लागणारी पावती मिळते, पण लोक त्या सवलतीसाठी देतात असं मला वाटत नाही. मोठ्या देणग्यांना माझा विरोध नाही, जरूर द्या. पण निवेदकाचं घर बारा महिने चालतं ते या छोट्या रात्रींवर.

पावतीबरोबर आम्ही एक चिठ्ठी पाठवतो. गावाचं नाव, किती मुलं होती, काय दिसलं. २०२५ च्या फेब्रुवारीअखेरची एक चिठ्ठी माझ्या वहीत आहे: पश्चिमेला शुक्र, डोक्यावर गुरू, त्याच्या पूर्वेला मंगळ. गुरूचे चंद्र सगळ्यांनी पाहिले. एकशे चाळीस माणसं, शेवटचा माणूस साडेअकराला घरी गेला.

त्याच वर्षी पावसाळा संपताना एका बाईंनी आईच्या नावाने रात्र दिली होती. आम्ही पोहोचलो आणि आभाळ भरून आलं. दोन तास थांबलो. चिठ्ठीत जे झालं तेच लिहिलं: ढग होते, अभिजित तारा तेवढा थोडा वेळ दिसला, मुलं थांबून राहिली होती. आठ दिवसांनी त्यांनी तेवढीच रक्कम पुन्हा पाठवली. सोबत एकच ओळ होती: त्याच मुलांसाठी, पुढच्या अमावास्येला.