20, 22 की 24: हिवाळ्यातील ट्राउटसाठी निम्फचे माप

अमेरिकेत कोलोरॅडोतील डेन्व्हरला राहायला आल्यापासून डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत मी साउथ प्लॅट नदीवर डेकर्स या गावाच्या आसपास नियमितपणे ट्राउट या थंड, गोड्या पाण्यातल्या माशासाठी जातो, आणि पहिल्या दोन हिवाळ्यांत रिकाम्या हाताने परतण्याचे कारण मला फार उशिरा उमगले. माझ्या माशा (फ्लाय फिशिंगमध्ये गळावर दोरा-पिसे बांधून केलेल्या कृत्रिम किड्याला ‘फ्लाय’ म्हणतात, तीच ही माशी) चांगल्या बांधलेल्या होत्या, रंगही योग्य होते. चुकत होते ते माप. उन्हाळ्यात 14 आणि 16 क्रमांकाच्या गळावर (क्रमांक जितका मोठा तितका गळ लहान) बांधलेल्या निम्फवर, म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या बाल्यावस्थेची नक्कल करणाऱ्या माशीवर, मासे लागत असत, म्हणून तीच डबी मी जानेवारीतही घेऊन जात असे.

कोकणात लहानपणी आम्ही खाडीवर गरवायला जात असू, तेव्हा मोठ्या माशाला मोठी गरी हा हिशेब इतका अंगवळणी पडला होता की दीड किलोचा ट्राउट चार मिलिमीटरच्या अळीसाठी तोंड उघडतो, हे पटायला वेळ लागला.

याच नदीवरचे, डेकर्सच्या वरच्या अंगाचे चीझमन धरण 1905 मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या खालचा नदीचा भाग हिवाळ्यातही वाहता राहतो. पाणी चार अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते, त्यामुळे जलाशयाचा पृष्ठभाग गोठला तरी तळाशी साधारण त्याच तापमानाचे पाणी साठून राहते, आणि ते खालून सोडले की धरणापासून काही मैल नदीवर बर्फ धरत नाही. या पाण्यात मासा जगतो, पण त्याचे शरीर मंदावलेले असते. तो जोरदार प्रवाह सोडून खोल, संथ डोहात तळाशी येतो आणि अन्नासाठी हातभरही बाजूला सरकायला तयार नसतो. जे अगदी तोंडासमोरून वाहत येईल तेच तो घेतो, आणि पाणी संथ व काचेसारखे स्वच्छ असल्याने ते निरखायला त्याला भरपूर वेळ मिळतो. उन्हाळ्यातील वेगवान प्रवाहात खपून जाणारी मापातली चूक हिवाळ्यात म्हणूनच खपत नाही.

या दिवसांत माशाचे मुख्य अन्न म्हणजे मिज, आपल्याकडच्या चिलटांच्या जवळचा, न चावणारा कीटक. त्याच्या अळ्या तळाच्या गाळात आणि दगडांवरच्या शेवाळात वर्षभर असतात. काही अळ्या रक्तासारख्या लाल दिसतात, कारण कमी प्राणवायूत तग धरण्यासाठी त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असते. बाकीच्या फिकट पिवळसर किंवा शेवाळी रंगाच्या असतात. दुपारी ऊन पडले की कोष तळापासून वर येऊ लागतात. यांच्यासाठी मी 20 ते 24 क्रमांकाचे गळ वापरतो. दुसरे अन्न म्हणजे बेटिस या लहान मेफ्लायची (पाण्यात वाढणाऱ्या एका नाजूक पंखांच्या कीटकाची) निम्फ, म्हणजे पिल्लू, जिच्यासाठी 18 ते 22 पुरते; माशा बांधणारे रिम चुंग यांनी या नदीसाठी घडवलेली आरएस-2 ही माशी अजूनही माझ्या डबीत सर्वांत पुढे असते. स्टोनफ्लाय या दगडांखाली वाढणाऱ्या मोठ्या कीटकाच्या काही जातींची निम्फ पाण्यात दोन-तीन वर्षे वाढते, त्यामुळे 10 किंवा 12 क्रमांकाचा घासही हिवाळ्यात माशाला अनोळखी नसतो. मात्र तो क्वचित मिळणारा घास आहे, रोजचा नव्हे.

गळाच्या क्रमांकाबद्दल नवख्या माणसाचा नेहमी गोंधळ होतो. क्रमांक वाढत जातो तसा गळ लहान होतो, हे लवकर कळते. पण एका उत्पादकाचा 20 आणि दुसऱ्याचा 20 सारखे असतीलच असे नाही, हे अनुभवानेच कळते. वाकड्या, आखूड दांड्याच्या 20 क्रमांकाच्या गळावर बांधलेली माशी सरळ दांड्याच्या 22 एवढीच भरते. म्हणून मी क्रमांकावर विसंबत नाही, बांधलेल्या शरीराची लांबी पट्टीने मोजतो. माझ्या डबीतल्या सरळ दांड्याच्या गळांवर 18 साधारण सहा, 20 पाच आणि 22 चार मिलिमीटर भरतो. आखूड दांड्याच्या गळाचा आणखी एक मोठा फायदा आहे: शरीर 22 चे दिसते, पण गळाचे तोंड 20 एवढे रुंद राहते, आणि लागलेला मासा सुटण्याचे प्रमाण त्यामुळे माझ्या अनुभवात स्पष्टपणे कमी झाले.

मोजायचे कशाशी, तर नदीतल्या किड्याशी. पाण्यात उतरण्यापूर्वी काठाजवळचा एक दगड हाताने उचलून उलटा करावा, त्यावरच्या अळ्या पाहाव्यात आणि आपली माशी ओली करून शेजारी ठेवावी. ओली अशासाठी की कोरडी माशी फुगलेली दिसते. पायाने तळ ढवळून जाळीत किडे धरण्याची पद्धत मी हिवाळ्यात कटाक्षाने टाळतो, कारण ब्राऊन ट्राउटने शरद ऋतूत घातलेली अंडी या काळात खड्यांखालीच असतात. स्वच्छ धुतल्यासारखा दिसणारा खडीचा पट्टा दिसला तर त्यावर पाऊलही ठेवू नये. विणीच्या काळात ट्राउटला त्रास होऊ नये म्हणूनच हिमाचल प्रदेशात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउटची मासेमारी बंद असते. इथे परवानगी आहे, तेव्हा जबाबदारी आपली.

गेल्या जानेवारीत एका डोहात सहा-सात मासे स्पष्ट दिसत होते आणि एकही माझ्या माशीकडे वळत नव्हता. पुढे 14 क्रमांकाची अंड्यासारखी माशी आणि तिच्यामागे सुमारे 40 सेंटिमीटरवर 20 ची काळी मिज, अशी जोडी होती. मी आधी शिशाचा एक छोटा मणी वाढवला, मग इंडिकेटर (दोरीवरचा, पाण्यावर तरंगणारा खुणेचा गोळा) वर सरकवून खोली वाढवली, कारण माशी माशाच्या डोक्यावरून जात असेल तर मापाचा विचार करणेच व्यर्थ असते. तरीही काही घडले नाही. मग रंग तोच ठेवून 22 लावली आणि तिसऱ्या फेरीत इंडिकेटर किंचित अडखळला. हिवाळ्यात मासा लागल्याची खूण एवढीच असते. त्या दुपारी त्याच डोहात चार रेनबो ट्राउट लागले, चारही त्या 22 वर. तेव्हापासून माझा क्रम असाच आहे: आधी वजन आणि खोली, मग माप, आणि रंग सर्वांत शेवटी. बरेच जण आधी रंग बदलत राहतात आणि त्यात सकाळ निघून जाते.

माप उतरवले की टिपेट, म्हणजे माशी बांधायचा दोरीच्या टोकाचा बारीक धागा, हाही बारीक करावा लागतो. 22 च्या गळाला मी 0.13 मिलिमीटर जाडीचा 6एक्स बांधतो (एक्सच्या आधीचा आकडा वाढला की धागा बारीक होतो). जाड टिपेटला एवढी हलकी माशी बांधली तर ती प्रवाहाबरोबर न वाहता ओढल्यासारखी चालते. 7एक्सकडे मी सहसा जात नाही. तो लवकर तुटतो, त्यामुळे मासा फार जपून, म्हणजे फार वेळ खेळवावा लागतो आणि तो थकून जातो.

आकाश भरून आले असेल, बर्फ पडत असेल किंवा पाणी थोडे गढूळ असेल, तर 20 वरून 18 वर परत यायला मी कचरत नाही. अशा प्रकाशात बेटिसची हालचाल वाढते आणि मासाही कमी चिकित्सा करतो. 24 च्या खाली मात्र मी जात नाही. 26 वर मासे लागतात, हे मी इतरांकडे पाहिले आहे. पण शून्याखालच्या हवेत बधिर बोटांनी एवढा बारीक गळ सोडवायला वेळ लागतो आणि तेवढ्यात पाण्याबाहेर काढलेल्या माशाचे कल्ले गोठू शकतात. त्यामुळे गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा घरीच चेपून ठेवतो आणि मासा जाळीतच, पाण्यात ठेवून सोडवतो.

सध्या डबीत बारा माशा आहेत: 18 च्या दोन, 20 च्या चार, 22 च्या पाच आणि 24 ची एक. येत्या शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास, ऊन डोहावर आल्यावर, 20 पासूनच सुरुवात करणार आहे.