जुन्या आउटबोर्ड इंजिनाचा पाण्याचा पंप बदलताना

१ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते आणि मालवण-देवबागकडे बहुतेक होड्या झापांखाली किंवा प्लास्टिकखाली किनाऱ्यावर ओढलेल्या असतात. होडीच्या मागे बाहेरून टांगलेल्या आउटबोर्ड इंजिनाचा पाय, म्हणजे पाण्यात बुडणारा खालचा भाग, उघडायला याहून चांगला काळ नाही. माझे इंजिन जुने आहे, दोन सिलिंडरचे टू-स्ट्रोक. हंगाम संपत आला तेव्हा खाडीत सावकाश चालवताना इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची त्याच्या मागच्या छिद्रातून पडणारी धार बारीक होत असे आणि वेग वाढवला की पुन्हा नीट होत असे. हे पाणी वर चढवणारा पायातला पंप झिजल्याचे लक्षण मानावे.

असे का होते, हे पंपाच्या रचनेवरून कळते. उभ्या शाफ्टवर रबराची पाती असलेले चक्र, म्हणजे इम्पेलर, बसवलेले असते आणि ज्या स्टीलच्या वाटीत ते फिरते तिचा मध्य शाफ्टच्या मध्याशी मुद्दाम जुळवलेला नसतो. त्यामुळे एका बाजूला पाती दुमडतात, दुसऱ्या बाजूला उलगडतात, आणि त्यांच्यामधली जागा लहानमोठी होत गेल्याने पाणी ओढले आणि वर ढकलले जाते. इंजिन वेगात असताना मात्र पाण्याच्या दाबाने पातीच वाटीच्या भिंतीपासून सुटतात आणि चक्र साध्या फिरत्या पंपासारखे काम करते. म्हणून झीज प्रथम संथ वेगात दिसते, आणि जो नेहमी जोरात होडी हाकतो त्याला ती उशिरा कळते.

केवळ धारेवर भरवसा ठेवणे मात्र बरोबर नाही. होडी किनाऱ्यावर पडून राहिली की कुंभारीण माशी त्या छिद्रात मातीचे घर करते, किंवा मीठ साठून ते बुजते. तेव्हा आधी तंगुसाचा, म्हणजे मासेमारीच्या नायलॉन दोऱ्याचा, तुकडा आत घालून पाहावा. उलट अनेक इंजिनांत ही धार थर्मोस्टॅटच्या, म्हणजे पाणी तापल्यावर उघडणाऱ्या झडपेच्या, आधीच फुटते, त्यामुळे थर्मोस्टॅट मिठाने बंद अवस्थेत अडकला तरी धार जोरदार दिसते आणि वर सिलिंडर तापत राहतात.

खरे कष्ट पंपाचे नसून पायाचे बोल्ट काढण्याचे असतात. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये आणि भोवती खारे पाणी, म्हणजे बॅटरीच तयार होते. ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी आट्यांमध्ये घट्ट बसते आणि घाईने पाना ओढला की बोल्टचे डोके हातात येते. गंज सोडवणारे तेल लावून ते रात्रभर मुरू द्यावे, बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके द्यावेत, आणि काढण्याआधी बोल्ट किंचित आवळून मग उलटा फिरवावा. तरीही हलला नाही तर पेट्रोलची टाकी दूर नेऊन भोवतालचे धातू तापवावे. बऱ्याच इंजिनांत एक बोल्ट होडी ढकलणाऱ्या पंख्याच्या वरच्या लहान पात्याखाली लपलेला असतो. ते पाते सुकाणूची एका बाजूची ओढ सांभाळते, म्हणून काढण्याआधी त्याच्या जागेवर खूण करावी. या सगळ्यापूर्वी स्पार्क प्लगच्या तारा काढून ठेवायच्या, हे सांगणे नलगे.

पाय सुटल्यावर जुन्या चक्राची पाती मोजावीत. एखादे तुटले असेल तर त्याचा तुकडा सापडेपर्यंत काम पुढे नेऊ नये, कारण तो वर जाणाऱ्या नळीत किंवा त्याही पुढे अडकून नव्या पंपाचेही पाणी अडवतो. त्यानंतर वाटी आणि तिच्याखालची पट्टी पाहावी. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे ओहोटीला वाळूच्या पट्ट्यावरून जाताना पंप पाण्याबरोबर वाळूही ओढतो, आणि या दोन्ही भागांवर गोल चरे पडतात. नख फिरवल्यावर ते अडकत असेल, तर नुसते रबर बदलून काही साधत नाही. दुकानदार स्वस्त म्हणून एकटे चक्र पुढे करतो, आणि पुष्कळ लोक तेवढेच बदलतात. माझ्या मते जुन्या इंजिनात तो खर्च वायाच जातो. चक्र, वाटी, पट्टी, चक्र शाफ्टवर अडकवणारी चावी आणि गॅस्केट असा पूर्ण संच घ्यावा, तोही इंजिनाच्या नावपट्टीवरचा क्रमांक दाखवून.

बसवताना चक्राला साबणाचे पाणी लावावे. साधे ग्रीस रबराला मानवेलच असे नाही. बहुतेक इंजिनांत शाफ्ट वरून पाहिल्यास घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतो, म्हणून त्याच दिशेने तो हाताने फिरवत वाटी खाली दाबली म्हणजे पाती योग्य बाजूला वळतात. पुढे शाफ्ट उलटा फिरवून पाहण्याचा मोह टाळावा. शाफ्टच्या दातांना बाजूंनी पाण्यात टिकणारे ग्रीस लावावे, पण माथ्यावर नको, कारण तिथे ग्रीस साठले की पाय पुरता वर बसत नाही.

पाय वर चढवताना शाफ्टचे दात, गिअरची दांडी आणि पाण्याची नळी अशा तीन गोष्टी एकाच वेळी जुळाव्या लागतात. यांपैकी नळीकडेच दुर्लक्ष होते. ती रबरी बुशात न जाता बाजूला राहिली, तर पाय व्यवस्थित बसल्यासारखा दिसतो आणि पाणी मात्र पोकळीत सांडत राहते. विजेरी घेऊन खालून पाहावे, आणि शेवटची फट बोल्ट आवळून मिटवण्याचा प्रयत्न करू नये. फट राहिली म्हणजे काहीतरी अडकलेले आहे.

पाय हातात असतानाच गिअरचे तेलही पाहून घ्यावे. ते दुधाळ झाले असेल तर सीलमधून पाणी शिरते आहे. चाचणीसाठी पिंपात गोडे पाणी भरून त्याची पातळी पंख्याच्या वरच्या आडव्या पट्टीच्या वर ठेवावी. कोरडे इंजिन क्षणभरही सुरू करू नये. नवे रबर तेवढ्यातही होरपळते. धार लगेच दिसली नाही तर इंजिन बंद करून नळीपासून तपास सुरू करावा. धार आली तरी काही मिनिटे इंजिन चालू ठेवून सिलिंडरच्या माथ्यावर हात ठेवून पाहावा. तो सोसवेल इतका कोमट असावा; हात ठेववत नसेल, तर थर्मोस्टॅट काढून गरम पाण्यात टाकावा आणि उघडतो का ते पाहावे.