तुम्ही विचारलंत म्हणून: राजन नक्षलवादी होता की नव्हता?

आणीबाणीत केरळच्या पोलिसांनी उचललेल्या राजनसारख्या विद्यार्थ्यांबद्दल कुठेही बोललं की शेवटी हा प्रश्न येतोच. छळछावणी, बापाची वणवण, कोर्टकचेरी, सगळं शांतपणे ऐकून घेतात आणि मग कुणीतरी हळूच विचारतं, "पण तो नक्षलवादी होता का हो?" पूर्वी मी "नव्हता" म्हणून मोकळी व्हायचे. आता तेवढ्यावर थांबवत नाही. कारण नुसतं "नव्हता" म्हटलं की, असता तर जे झालं ते चाललं असतं, असा अर्थ निघतो.

तरी विचारलंत तर ऐका. २८ फेब्रुवारी १९७६ च्या रात्री कोझिकोड जिल्ह्यात कायण्णा पोलीस ठाण्यावर नक्षलवाद्यांनी हल्ला केला. १ मार्चच्या पहाटे पोलिसांनी कालिकतच्या रीजनल इंजिनिअरिंग कॉलेजच्या वसतिगृहातून शेवटच्या वर्षाच्या पी. राजनला आणि आणखी एका विद्यार्थ्याला उचललं. राजन गाणारा मुलगा. रवानगी कक्कयमच्या छावणीत. तिथली खास पद्धत म्हणजे 'उरुट्टल': माणसाला बाकावर बांधायचं, मांड्यांवर जड लाकडी मुसळ आडवं ठेवायचं आणि दोन्ही टोकांना जोर देत पोलिसांनी ते लाटायचं. हल्ल्याशी राजनचा संबंध कुठल्याही न्यायालयात सिद्ध झाला नाही. सिद्ध करण्याची वेळच पोलिसांनी येऊ दिली नाही. तुम्ही जो प्रश्न मला विचारता, तो न्यायाधीशासमोर विचारायचा होता.

"बाप वर्षभर कोर्टात का गेला नाही?" हा दुसरा नेहमीचा प्रश्न, आणि यावर मात्र मी चिडते. वडील, टी. व्ही. ईच्चर वारियर, हिंदीचे प्राध्यापक. मुलाला नेल्याचं प्राचार्यांनी पत्राने कळवल्यावर ते मंत्र्यांपासून राष्ट्रपतींपर्यंत अर्ज करत राहिले. कोर्टाचं दार बंद होतं. राज्यघटनेच्या कलम २१ साठी, म्हणजे जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्कासाठी, न्यायालयात जाण्याचा हक्क राष्ट्रपतींच्या आदेशाने २७ जून १९७५ पासून स्थगित होता, आणि २८ एप्रिल १९७६ ला सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने त्यावर शिक्कामोर्तब केलं. त्या चारांत आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूडही होते. (तो निकाल २०१७ साली रद्द ठरवणाऱ्या निकालपत्रांपैकी मुख्य निकालपत्र त्यांच्या मुलाचं, हे ठाऊक असेलच.) विरोधी मत एकट्या एच. आर. खन्नांचं.

२१ मार्च १९७७ ला आणीबाणी उठली आणि त्याच महिन्यात वारियरांची हेबियस कॉर्पसची, म्हणजे डांबलेल्या माणसाला कोर्टापुढे हजर करा अशी मागणी करणारी, याचिका केरळ उच्च न्यायालयात होती. ही याचिका जिंकली कशी, ते नीट समजून घ्या, कारण अशा आठवणी टिकवू पाहणाऱ्याला याचाच उपयोग आहे. मुलगा मेला हे बापाला सिद्ध करायचं नव्हतं. कुणी मारलं हेही नाही. सिद्ध करायची होती एकच गोष्ट: पोलिसांनी त्याला नेलं. सरकारी बाजूने शपथेवर सांगितलं की त्याला अटक झालीच नाही. "नेला होता, सोडून दिला" असं म्हटलं असतं तर वाद कधी सोडला, कुठे सोडला, यात लांबला असता. साफ नाकारल्यामुळे सगळा भार त्या एका गोष्टीवर आला, आणि नेताना पाहणारे होते. प्राचार्य होते, वसतिगृहातली मुलं होती, कक्कयमला डांबलेले आणि तिथे राजनला पाहिलेले लोक होते. १३ एप्रिलला न्यायमूर्ती सुब्रमण्यन पोट्टी आणि खालिद यांनी अटक झाल्याचा निष्कर्ष काढला आणि राजनला २१ तारखेला हजर करा असा हुकूम दिला. हजर कुणाला करणार? आणीबाणीत गृहमंत्री असलेले के. करुणाकरन तेव्हा मुख्यमंत्री होते. महिनाभरात, २५ एप्रिलला, त्यांना खुर्ची सोडावी लागली. पुढे सरकारने कबूल केलं की राजन २ मार्च १९७६ लाच कक्कयमला पोलिसांच्या मारहाणीत मेला. म्हणजे बाप अर्ज लिहीत होता त्या सगळ्या काळात मुलगा जिवंतच नव्हता.

फौजदारी खटल्यात गणित उलटं झालं. तिथे कुणी, कशाने, कधी, हे सगळं लागतं, आणि मृतदेह तर आजतागायत मिळालेला नाही. कायद्याने मृतदेहाशिवाय खून सिद्ध होऊ शकतो, पण व्यवहारात फार कठीण. खटला कोइमतूरला चालला, जी काही शिक्षा झाली ती अपिलात टिकली नाही. छावणीचे प्रमुख जयराम पडिक्कल पुढे केरळचे पोलीस महासंचालक झाले. करुणाकरन १९८१ मध्ये पुन्हा मुख्यमंत्री झाले.

तेव्हा कॉलेजात फलक लावणार असाल तर असं लिहा: "१ मार्च १९७६, पोलिसांनी नेलं." हे साक्षीपुराव्याने ठरलेलं आहे. मृत्यूची २ तारीख सरकारने दिलेली आहे, तसंच लिहा. 'निरपराध' लिहू नका असं मी सांगते, कारण मग सगळी चर्चा त्याच्या अपराधावर घसरते. पण वारियर २००६ साली जाईपर्यंत आपला मुलगा निर्दोष होता हेच सांगत होते, आणि त्यांना कुठल्या तोंडाने सांगायचं की हे फलकावर नको? यावर माझं मत दोनदा बदललंय, पुन्हा बदलेल.

आणि "कुणी मारलं" या जागी "पोलिसांनी" लिहा. सरकारनेच ते मान्य केलंय. एकाही माणसाचं नाव तिथे घालता येत नाही, आणि ते मला पटलेलं नाही.