तुम्ही विचारलंत म्हणून: आमची कोठी रिकामी का?

चैत्र लागला की पहिला फोन नणंदेचा येतो. "वहिनी, गहू भरला का?" मग जाऊबाई विचारतात, मग गल्लीतल्या बायका, आणि मग पाणी प्यायला म्हणून स्वयंपाकघरात आलेलं कुणीही. "चार माणसांचं घर आणि पाच-पाच किलोचे डबे? वर्षाचं धान्य का भरत नाही तुम्ही?" मी म्हणते, पूर आला होता ना. त्यावर ठरलेलं बोलणं येतं, "पूर काय, आम्हालाही आला. आम्ही पुढच्याच वर्षी भरलं की."

बरोबर आहे. सांगलीच्या गावभागात, कृष्णेकाठच्या जुन्या वस्तीत, 2019 चा पूर कुणाला चुकला? धान्याच्या भिजलेल्या पत्र्याच्या कोठ्या घासूनपुसून लोकांनी पुन्हा भरल्या. मी नाही भरल्या. दरवर्षी इथंच माझं उत्तर संपतं आणि विचारणारी मनात काहीतरी ठरवून जाते: आळशी आहे, नोकरीवाली आहे, पैसे नसतील. यंदा पूर्ण उत्तर लिहून ठेवते.

आधी एक सांगते, आमच्या घरात खायला कमी नाही. महिन्याला बारा किलो गहू, आठ किलो शाळू म्हणजे ज्वारी, सहा किलो तांदूळ, दोन किलो तूरडाळ लागते. मूग, मटकी, हरभराडाळ किलो-किलो. शेंगदाणे मात्र दोन किलो, कारण आमच्याकडे कुटाशिवाय भाजी होत नाही. एवढ्यात सगळं बसतं. भाजी महाग झाली की त्या आठवड्यात मी भाजीकडे बघतच नाही. वाटीभर मटकी भिजवली की मोड येऊन अडीच-तीन वाट्या होते, चौघांना एक वेळ पुरते. दुसऱ्या दिवशी शेंगदाण्याचा म्हाद्या: दाणे भाजून जाडसर कुटायचे, लसणाची फोडणी, आपली कांदा-लसूण चटणी, पाणी घालून उकळी. भाकरी कुस्करून खायची. एखाद्या रात्री हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे, एखाद्या रात्री डाळकांदा. पिठलं तर आहेच. मुलगी कधी तोंड वाकडं करते, पण ताट रिकामं करूनच उठते. तेव्हा "रोज तेच ते" म्हणणाऱ्यांनी एकदा आठवडाभर जेवायला या, एवढंच म्हणते.

डबे चौदा. सगळे घट्ट झाकणाचे. नावं झाकणावर लिहिलेली, कारण डबे कॅरेटमध्ये ठेवले की वरून फक्त झाकणं दिसतात. कपाटाच्या दाराला आतून यादी चिकटवलीय. आधी डबा तळाला आला की, आता अर्ध्यावर आला की, त्या नावापुढं फुली मारायची. हे काम मुलीचं. पहिल्या तारखेला फुल्या बघून सामान आणायचं. यादीत नाही ते आणायचं नाही. सुरुवातीला भाजीवाल्यांकडं असतात तसे दोन कॅरेट होते आणि चौदाच्या चौदा डबे त्यात बसायचे. पूर आला की दोन माणसं, दोन फेऱ्या. हे सगळं त्या दोन फेऱ्यांसाठी केलं. व्यवस्थितपणाची हौस म्हणून नाही.

आता तो पूर.

आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर 2005 च्या पुराची रेघ होती. सासऱ्यांनी खिळ्यानं कोरलेली, शेजारी तारीख. ओट्याच्या वर वीतभर. त्या वर्षी कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 53 फुटांच्या वर गेलं होतं आणि त्याहून जास्त येत नसतं, असं अख्ख्या गावभागानं धरलं होतं. आमच्याकडे ती रेघ म्हणजे घरातल्या मोठ्या माणसाचा शब्द होता.

2019 ची नागपंचमी 5 ऑगस्टला होती. चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही, म्हणून मी पुरणाची दिंडं उकडायला ठेवली होती आणि बाहेर माणसं धावत होती. कोयनेतून पाणी सोडलेलं, वरून पाऊस थांबत नव्हता. संध्याकाळी आम्ही आवराआवर सुरू केली. उन्हाळ्यात भिशीच्या पैशांतून भरलेलं धान्य होतं: एक क्विंटल गहू, साठ किलो शाळू, पन्नास किलो तांदूळ, पंधरा किलो तूरडाळ. गव्हाला मी आणि सासूबाईंनी दोन दिवस अंगणात बसून एरंडेल चोळलं होतं, तळाला कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला होता.

समोरच्या काकूंनी वरच्या मजल्यावरून हाक मारली, "खोली रिकामी आहे, आणा काय आणायचं ते." सासूबाई लगेच म्हणाल्या, "आधी धान्य नेऊ या."

मी म्हटलं, "आई, रेघ आहे ना. रेघेच्या वर ठेवू. क्विंटलभर गहू जिन्यावरून कोण चढवणार?"

ओट्यावर विटांचे दोन थर रचले. कोठ्या अर्ध्या रिकाम्या करून त्यावर चढवल्या, पुन्हा भरल्या. कोठीचा तळ रेघेच्या चांगला वर आला. मी हातानं मोजून बघितलं आणि मला समाधान वाटलं.

आणि मग आम्ही फ्रीज वर नेला.

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. फ्रीज नवा होता, हप्ते चालू होते. गल्लीतली दोन पोरं, हे आणि दीर, चौघांनी मिळून दोर बांधून तो जिन्यावरून काकूंच्या खोलीत चढवला. पाऊण तास गेला. चार माणसं आणि पाऊण तास! त्यात सगळं धान्य पोत्यांत भरून वर गेलं असतं आणि वर चहा झाला असता. सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही मिरजेला माझ्या बहिणीकडे गेलो.

पाणी 57 फुटांच्या वर गेलं. रेघेच्या वर जवळजवळ चार फूट.

मिरजेत आम्ही फोनकडं डोळे लावून बसलो होतो. 8 तारखेला ब्रह्मनाळ गावात बोट उलटून माणसं गेली. ती बातमी ऐकली तेव्हा माझ्या डोक्यात गहू होता. बातमी ऐकून रडले ती त्या माणसांसाठी की कोठ्यांसाठी, हे मला तेव्हाही कळलं नव्हतं आणि आजही ठाऊक नाही. माणसं वाचली हे मोठं, बाकी सगळं परत येतं, असं सगळे म्हणतात. मीही तोंडानं तेच म्हणत होते.

स्वातंत्र्यदिनानंतर घरी आलो. दार ढकललं तर उघडेना, आत गाळ. तो वास ज्यांनी घेतलाय त्यांना सांगायला नको. गव्हाची कोठी विटांवरून घसरून आडवी झाली होती. गहू फुगला की केवढा जोर लावतो ते मी तेव्हा बघितलं, पत्र्याचा सांधा वरपासून खालपर्यंत उकलला होता. बाहेरचा थर भिजल्या पिठासारखा, आंबलेला, काळपट. सासूबाई म्हणाल्या, "मधला कोरडा असेल." कुणी काही बोलायच्या आत त्यांनी बाह्या सावरून कोपरापर्यंत हात आत घातला. आणि तसाच ठेवला.

"गरम लागतंय गं," त्या म्हणाल्या.

ओलं धान्य दाबून राहिलं की आतून तापतं, हे मला माहीत होतं. त्यांना तर माझ्याहून जास्त माहीत होतं. त्या शेतकऱ्याघरच्या. तरी त्यांनी मूठभर मधला गहू बाहेर काढला, पदरावर पसरला आणि एक-एक दाणा बोटांनी दाबून बघत राहिल्या. चौऱ्याहत्तर वर्षांची बाई, गाळात पाय, पदरात गहू. यांनी घमेल्यानं सगळं रस्त्यावर नेऊन टाकलं. मी घमेली मोजत होते, बेचाळीसनंतर मोजायचं सोडलं. रस्त्याच्या दोन्ही कडांना प्रत्येक घरापुढं तसाच ढीग होता, त्यामुळं आमचा ढीग कुणाला वेगळा दिसला नाही. सासूबाई मात्र त्या ढिगाकडं पाठ करून बसल्या.

त्यांनी मला एका शब्दानं दोष दिला नाही. दिला असता तर मी भांडले असते, आणि भांडले असते तर कदाचित पुढच्या वर्षी कोठी भरलीही असती.

फ्रीज अजून चालतो.

म्हणून मग डबे. त्या दिवाळीच्या आत मी चौदा डबे आणले आणि ठरवलं, या घरात जे दोन फेऱ्यांत वर जाणार नाही ते ठेवायचं नाही. मला वाटलं, प्रश्न सुटला. तेव्हाची मी फार ठाम होते. नणंदेला फोनवर सांगायची, "साठवण करण्याचा काळ गेला, कोपऱ्यावर दुकान आहे." किती खात्रीनं बोलत होते!

पाचच महिन्यांत मार्च 2020 आला. इस्लामपुरात एकाच घरात रुग्ण सापडले, जिल्हा घाबरला, आणि 24 तारखेच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. महिनाअखेर. यादीत फुल्याच फुल्या. तांदूळ दोन वाट्या, डाळ तळाला, तेल पाव लिटर. ज्यांच्या कोठ्या भरलेल्या होत्या त्या बायका शांत होत्या, आणि मी रुमाल बांधून दुकानापुढच्या चुन्याच्या वर्तुळात उभी. तीन तास उभी राहून मूगडाळ मिळाली, तूरडाळ नाही. त्या आठवड्यात समोरच्या काकूंनी पिशवीतून पाच किलो गहू दिला. त्यांच्या कोठीतला. सासूबाईंनी तो घेतला, निवडला, दळायला पाठवला. एवढ्या वेळात त्या माझ्याशी पावसाबद्दल, मुलीच्या परीक्षेबद्दल बोलत होत्या. कोठीबद्दल नाही.

म्हणजे पुरानं जे शिकवलं ते कोरोनानं खोडून काढलं. आता कुणाचं ऐकायचं?

तेव्हापासून महिन्याच्या सामानावर पंधरा दिवसांचं जास्तीचं ठेवते. डबा तळाला जायची वाट न बघता अर्ध्यावर आला की फुली. जुलै 2021 मध्ये पाणी पुन्हा 55 फुटांपर्यंत चढलं तेव्हा कॅरेट दोनाचे तीन झाले होते. मी आणि मुलीनं वीस मिनिटांत सगळं काकूंकडे नेलं. भिंतीवर तेव्हा दोन रेघा होत्या, मी एकीकडेही बघितलं नाही. पाणी घरात आलं, ओटा बुडाला, पण धान्याचा दाणा भिजला नाही. त्या रात्री काकूंच्या स्टोव्हवर आमच्याच डब्यांतल्या तांदळाची आणि मुगाची खिचडी केली, नऊ माणसं जेवली. मला वाटलं होतं, सासूबाई आता तरी म्हणतील, बरं केलंस. त्या म्हणाल्या, "मीठ थोडं कमी आहे."

आता माझ्या बाजूनं आणि माझ्या विरुद्धही सांगते. महिन्याच्या महिन्याला घेतलेलं धान्य महाग पडतं. सुगीनंतर एकदम घेतलं की स्वस्त, हे खरं. 2015 साली तूरडाळ दोनशेच्या घरात गेली तेव्हा आमच्याकडे उन्हाळ्यातली डाळ होती आणि आम्ही वरण पातळ केलं नाही. ते श्रेय सासूबाईंचं. दुकानातल्या गव्हाची पोळी दुसऱ्या दिवशी वातड होते, ओळखीच्या शेतकऱ्याकडच्या गव्हाची होत नाही, हेही खरं. आणि एक कबुली द्यायची राहिली. वर्षाची चटणी मी अजून करते. ब्याडगी आणि संकेश्वरी मिरच्या आणून, कांदा-खोबरं भाजून, डंकावर जाऊन स्वतः उभी राहून कुटून आणते. आठ किलो. ती बरण्यांत भरून अर्धी मिरजेला बहिणीकडे ठेवते. कुणी विचारलं की चटणी वर्षाची चालते आणि गहू का चालत नाही, तर माझ्याकडे उत्तर नाही. चटणीला मी रेघ दाखवून थांबवलं नव्हतं, एवढंच.

तुम्ही म्हणाल, काकूंच्या खोलीत वर्षाचं धान्य ठेव की. विचारलंही होतं एकीनं. पण दुसऱ्याच्या खोलीत आपली कोठी किती वर्षं ठेवायची? आणि मला खरं वाटतं ते असं की आडोसा मिळाला, मजला मिळाला, तरी मी भरणार नाही. क्विंटलभर गहू घरात आला की तो वाचवायची जबाबदारी येते, आणि पुन्हा कधीतरी मला दोन गोष्टींतली एक आधी वर न्यावी लागेल. ते ठरवायला मी तयार नाही. हे शहाणपण आहे की भित्रेपणा, ते तुम्ही ठरवा. मी सहा वर्षं ठरवतेय.

सांधा उकललेली ती कोठी भंगारात द्यायला सासूबाईंनी दिली नव्हती. माळ्यावर पालथी पडून होती. यंदा चैत्रात मी कामावरून आले तर ती जागेवर नव्हती. मुलीनं सांगितलं, आजीनं रिक्षानं नेऊन तिच्या सांध्याला झाळ देऊन आणलीय. गच्चीवर बघितलं तर चिंचेनं घासलेली, धुतलेली, उन्हात उभी होती. सांध्यावर नवा चकचकीत पट्टा. झाकण शेजारी उलटं वाळत घातलेलं.

मी काही विचारलं नाही. त्यांनीही काही सांगितलं नाही. रात्री पिठलं-भाकरी झाली, ताटं आवरली, आणि झोपायला जाताना त्या म्हणाल्या, "रात्रभर वर राहिली तर दव लागेल गं."

मी वर जाऊन कोठी खाली आणली. स्वयंपाकघरात ठेवलीय. रिकामीच आहे.